पदराची उलट बाजू

गोदाकाठच्या ज्या प्रतिष्ठान नगरीचे नाव धारण करून पैठणी महाराष्ट्रातील नववधूंच्या अंगावर मिरवत आली, त्या नगरीत आज मागाचा ठोका शोधत हिंडावे लागते. आणि तिथून शंभराहून अधिक किलोमीटर वायव्येस, नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जिथे गोदावरीचा घाट नाही आणि सातवाहनांच्या वैभवाची एखादी पडकी भिंतही नाही, अशा येवल्यात मात्र विणकरांच्या कोणत्याही गल्लीत शिरले तरी फणीचा आवाज कानावर येतोच. म्हणजे नाव एका गावाचे आणि हात दुसऱ्या गावाचे. येवलेकराला यात काही वावगे वाटत असल्याचे माझ्या अनुभवास आलेले नाही. आपण विणतो ती पैठणी, एवढे त्याला पुरते. ती पैठणचीच का, हा प्रश्न पाहुण्याने विचारावा, त्याने हसावे आणि धोटा फेकावा.

या नावाच्या प्राचीनत्वाविषयी आपल्याकडे जे सांगितले जाते ते थोडे जपून घ्यावे, असे मला वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या टिपणात पैठणचा उल्लेख आहे आणि पैठणीच्या प्रत्येक माहितीपत्रकात तो मोठ्या अभिमानाने पुढे केला जातो. परंतु तो मुळातून वाचणाऱ्यास असे दिसते की, पैठणहून गाडीवाटेने भडोच बंदरात जात होते ते अकीकाच्या जातीचे खडे, आणि कापड जात होते ते तेर गावाहून, तेही सुती. जरीच्या पदराचा तिथे मागमूस नाही. पैठणी दोन हजार वर्षांची नसेल म्हणून तिचे काही कमी होते, असे नव्हे; पण नावाचा महिमा कसा वाढतो, हे कळण्यास हा दाखला बरा आहे.

येवल्याची हकीकत त्या मानाने अलीकडची आणि पुष्कळच रोकडी आहे. या भागावर दिल्लीच्या बादशाहीचा अंमल असताना रघोजी नाईक या पुरुषाने हे गाव वसवले, आणि नुसती घरे उभी राहून गाव होत नाही, त्यास उदीम लागतो, हे ओळखून शामदास वालजी नावाच्या एका गुजराती वाण्यास कौल देऊन येथे आणले. कौल असा की, रेशीम विणण्याचा धंदा या आणलेल्या मंडळींकडेच राहावा; बाहेरच्या कोणी येऊन माग मांडू म्हटले तर त्याने ठराविक रक्कम मोजावी, मगच मागाचा खड्डा खणावा. पुढे हे गाव सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या अमलाखाली आले, माधवराव पेशव्यांनी ते विठ्ठल शिवदेव विंचूरकरांस दिले, सनदा बदलल्या, महसुलाचे धनी बदलले. पण विणकरांचा हा मक्ता कोणी मोडला नाही. पुण्याच्या दरबारात रेशमी वस्त्रांची चाड मोठी. माधवरावांनी डाळिंबी, केशरी, गुलाबी अशा रंगांचे असावलीचे दुपेटे मागवल्याचा दाखला प्रसिद्धच आहे. ज्या वाड्यात सणावारी पीतांबर नेसल्याखेरीज पंक्तीला बसता येत नाही, त्या वाड्याला माल पुरवणाऱ्या गावाचा मक्ता मोडून कोणाचे भले होणार होते?

या मक्त्याकडे आजच्या दृष्टीने पाहिले तर तो अन्यायाचाच होता, यात शंका नाही. तथापि त्याची एक बाजू अशी होती की, येवल्याचे रेशीम म्हणजे अमुक इतक्या घरांनी विणलेले रेशीम, असा त्याचा उघड अर्थ होई. कापडावर छाप नव्हती, पेटीवर नाव नव्हते. गाव हाच शिक्का होता. एखाद्याने कच्च्या रंगाचा पीतांबर खपवला आणि पहिल्या धुण्यात तो उतरला, तर बट्टा साऱ्या गावास लागे, आणि ज्यांना हा बट्टा सोसावा लागे ती माणसे त्या एकाच्या आळीत राहत असल्याने त्याचा समाचार घेण्यास त्यांना फार लांब जावे लागत नसे. अशा वस्तीत गुणवत्तेची देखरेख कोणत्या निरीक्षकाकडे नसते, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत असते. अर्थात शेजाऱ्यांचे डोळे नव्या माणसाला जसे धाकात ठेवतात तसे बाहेरही ठेवतात, आणि इंग्रजी अमलात ज्यांना असे बाहेर ठेवले होते ते अखेर कोर्टाची पायरी चढले. १८६४ साली न्यायालयाच्या निवाड्याने तो जुना मक्ता संपुष्टात आला. ज्याच्याजवळ माग आणि हात आहे त्याने विणावे, असा नवा कायदा झाला. आणि येवल्याचा शिक्का त्या दिवसापासून कोणाच्याच मालकीचा राहिला नाही.

खत्री, साळी, कोष्टी, मुसलमान विणकर असे अनेक जातिसमूह या धंद्यात होते व आहेत. पण केवळ विणकर म्हणजे धंदा नव्हे. एका पैठणीमागे किती हात असत, याची कल्पना आज तयार जरीची रिळे सुरतेहून आणि रेशमाच्या लडी बंगळुराहून येत असल्यामुळे आपल्याला येत नाही. जुन्या काळी जर गावातच होई. चांदीची लगड ठोकून तिची जाड तार करणारे पावटेकरी वेगळे. ती तार पोलादी पट्टीच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करणारे तारकश वेगळे. ती ठोकून चपटी करणारे चपडे वेगळे. आणि ती चपटी तार रेशमाच्या धाग्यावर वळणारे आणखी वेगळे. रेशीम तर त्या काळी मुंबई बंदरावाटे थेट चीनहून येई. ते उकलायचे, पीळ द्यायचा, खारात उकळून त्यावरचा नैसर्गिक डिंक काढायचा, रंगवायचे. आणि ही सगळी कामे निरनिराळ्या घरांत. डिंक निघाला की रेशमाचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटते. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढे लबाडीचा प्रश्न आला की ती उपयोगी पडेल. रेशीम उकलण्याच्या फिरत्या साधनाला येथे आसारी म्हणतात, आणि संक्रांतीला येवल्याचे आकाश पतंगांनी भरून जाते तेव्हा पोरे ज्यावर मांजा गुंडाळतात त्या बांबूच्या चक्रीलाही येथे आसारीच म्हणतात. धंद्याची भाषा पोरांच्या खेळात उतरली की तो धंदा गावात मुरला, असे समजण्यास हरकत नसावी.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एकच माल, एकाच हाताने केलेला, अनेकांच्या नावाने का विकला जातो, आणि तसा विकला गेल्यावर त्यात फरक असतो की नसतो?

याचे उत्तर मागावर शोधू नये. ते सावकाराच्या बैठकीत आहे. विणकराजवळ माग असे, हात असे, भांडवल नसे. रेशीम आणि जर व्यापारी तोलून देई, वहीत वजन मांडे, काठ किती बोटांचा, पदर किती हाताचा, बुट्टी दाट की विरळ, हे सांगे. आणि तयार लुगडे परत आले की ते पुन्हा तराजूत घाली. इतकी तूट मंजूर, त्याहून अधिक गेली तर मजुरीतून वजा. हा व्यवहार आजही मोठ्या प्रमाणात असाच आहे, तराजू तेवढा काट्याऐवजी आकड्यांचा झाला. परिणाम असा की, एकाच घरात शेजारी शेजारी दोन खड्डामाग असावेत, एकावर थोरला बसलेला, दुसऱ्यावर धाकटा, दोघांना बापानेच शिकवलेले. आणि एकाचा माल पुण्याच्या पेढीचा, दुसऱ्याचा गावातल्याच दुकानाचा. पुढल्या महिन्यात उलटेही होई. ज्या दिवशी लुगडे मागावरून उतरे त्या दिवशी त्याला कोणाचेच नाव नसे. नाव पुढे पेटीबरोबर येई.

म्हणून ‘सगळा माल एकाच मागावरचा, नुसत्या नावाचे पैसे’ असे म्हणणारा जो एक शहाणा गिऱ्हाइकांत नेहमी असतो, त्याचे म्हणणे अर्धेच खरे ठरते. माग एक, हात एक. पण तोलून दिलेली जर एक नव्हे. पुण्याच्या पेढीने चांदीची जर दिली असेल आणि दुसऱ्याने तांब्याची, एकाने पुरता डिंक काढलेले रेशीम दिले असेल आणि दुसऱ्याने वजन राखण्यासाठी अर्धेकच्चे, तर त्याच हाताने, त्याच फणीखाली, त्याच आठवड्यात दोन निराळ्या वस्तू जन्माला आल्या. विणकर दोन्हींत सारखाच प्रामाणिक असतो. त्याला जे सूत मिळाले ते त्याने इमानाने विणले. फरक पडतो तो मालकाच्या तराजूपाशी.

जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक असल्यामुळेच की काय, पैठणीची जुनी नावे दुकानाची नव्हती, मापाची होती. ‘छत्तीस मासी’ पैठणी, असे म्हणत. मासा म्हणजे तोळ्याचा बारावा हिस्सा. जरीतल्या सोन्याचे माप हेच त्या वस्त्राचे नाव. असे नाव घेऊन दुकानात गेलेल्या बाईला फसवणे दुकानदाराला जड जाई, कारण नावातच हिशेब होता. कसोटी पाहायची तर सोनार होता. आणि अखेरची कसोटी तर त्याहून निष्ठुर होती. विरलेली पैठणी दारावर येणाऱ्या जरवाल्याला विकत, तो ती जाळी, आणि राखेतून जी चांदी निघे तिच्या वजनावर पैसे मोजी. तीस वर्षांपूर्वी वस्त्र विकणारा खरे बोलला होता की खोटे, हे त्या राखेत दिसे. अशा किती पैठण्या महाराष्ट्राने जाळल्या, याचा विचार मनात आला की वाईट वाटते. पण वस्त्राचा न्याय इतका उघड पुन्हा कधी झाला नाही, हेही खरे.

मापाच्या नावाकडून छापाच्या नावाकडे आपण केव्हा वळलो? मला वाटते, याचे पाप किंवा पुण्य पुष्कळसे रेल्वेच्या आणि मँचेस्टरच्या माथ्यावर आहे. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि येवला आगगाडीवर आले. विलायती कापडाचे तागे त्याच डब्यांतून गावोगाव पोहोचू लागले. या ताग्यांवर रंगीत चित्रांची तिकिटे चिकटवलेली असत. कुठे देव, कुठे हत्ती, कुठे राणीचा मुखवटा. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला मँचेस्टरच्या गिरणीचे नाव वाचता येत नव्हते, तो चित्र ओळखी. हत्ती छाप द्या, घोडा छाप द्या. आणि यातली गंमत अशी की, ही तिकिटे बहुधा गिरणीची नसत, माल पाठवणाऱ्या व्यापारी कंपन्यांची असत. एकाच गिरणीचा तागा एका कंपनीच्या वखारीतून हत्ती होऊन निघे आणि दुसरीच्या वखारीतून घोडा. या छापांवरून तंटे इतके माजले की १८८९ साली सरकारला व्यापारी खुणांचा कायदा करावा लागला. ‘छाप’ या शब्दाला आपल्या बोलीत जो मान आला तो याच काळात.

ही रीत कापडापुरती राहिली नाही, आणि आपल्या देशापुरतीही नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी खिडक्या बदलण्याचे काम निघाले, तेव्हा आलेल्या सुतारमिस्त्रीजवळ भोके पाडण्याची दोन यंत्रे होती, एक पिवळे, एक काळे-नारिंगी. पिवळे त्याच्या हाताला लागलेले. दुसरे पोराला शिकायला दिलेले. मी सहज म्हटले, दोन्ही एकाच धन्याची ना? मिस्त्री म्हणाला, “धनी एकच असेल हो काका, पण याचं बेअरिंग बघा आणि त्याचं बघा. कार्बन दोघांचाही बदलावा लागतो. त्याचा वर्षात दोनदा.” मला त्याचे बोलणे फार अर्थपूर्ण वाटले. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर या जुन्या कंपनीची अडचण अशी झाली होती की, घरगुती डागडुजीच्या यंत्रांमुळे तिचे नाव इतके घरोघर पोहोचले, की कामावरचा कारागीर ते यंत्र हाती घेण्यास लाजू लागला. तेव्हा १९६० साली तिने विकत घेतलेले डीवॉल्ट हे एक जुने नाव १९९२ साली पुन्हा वर काढण्यात आले, कारागिरांसाठी केलेल्या यंत्रांना पिवळा रंग दिला गेला, आणि जो माल आधीच्या नावाने खपत नव्हता तो या नावाने खपू लागला. हाँगकाँगच्या एका कंपनीच्या छत्राखाली आज लाल मिलवॉकी आणि हिरवी रायोबी नांदतात, एक रोजच्या कामाच्या माणसासाठी, दुसरी रविवारच्या हौशी माणसासाठी. धनी एक आहे म्हणून यंत्र एक होत नाही. दातेरी चाक पोलादाचे की प्लास्टिकचे, हे कोणीतरी कागदावर आधी ठरवलेले असते. येवल्याचा सावकार वहीत जे लिही तेच हे.

पैठणीच्या बाबतीत हा कागद विसाव्या शतकात हळूहळू पातळ होत गेला. पेशवाई १८१८ साली गेलीच होती, संस्थानिकांचा आश्रय आटला, १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खनची कंबर मोडली. पैठणी विणणारी घरे विकायला सोपे असे फेटे, शेले, साधी लुगडी विणून तगली. मग स्वातंत्र्योत्तर काळात मागणी परत आली ती मध्यमवर्गाची, आणि मध्यमवर्गाला पैठणी हवी असते पण छत्तीस मासी परवडत नाही. जरीच्या तारेत चांदी कमी होत गेली. आजच्या ‘खऱ्या’ जरीतही सोने नावालाच, शेकडा एकाच्याही आत. त्याखाली येते ती ‘टेस्टेड’, म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा. आणि सर्वांच्या तळाला प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची जर, जी काडी लावताच वितळून गोळा होते. याच्या जोडीला ‘सेमी’ पैठणी आली. ती यंत्रमागावर निघते, बंगळुराकडून गठ्ठ्यांनी येते, आणि विंचूर चौफुलीच्या आसपास जी दालने ओळीने उभी आहेत तिथे हातमागाच्या पैठणीशेजारीच, तिच्याच काचेत, तिच्याच दिव्याखाली मांडलेली असते. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण कथलाच्या काळात सुचली. प्लास्टिकच्या काळात ती कशी म्हणावी, हे म्हणी करणाऱ्यांनीच सांगावे. दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी पैठणी बक्षीस देणारा कार्यक्रम २००४ पासून सुरू झाला आणि पैठणी हा शब्द खेड्यापाड्यांत पुन्हा पोहोचला. शब्द पोहोचला, माप पोहोचले नाही.

मी स्वतः यात एकदा चांगलाच फसलो आहे. मुलीच्या लग्नात दोन पैठण्या घेतल्या, एक येवल्यात, एक दुसऱ्या एका शहरातल्या नामांकित दालनात. दुसरीला पहिलीच्या जवळजवळ दीडपट दिले, कारण पेटी सुरेख होती आणि दुकानदार अदबीने बोलत होता. दोन्ही पदर घरी सतरंजीवर शेजारी पसरले तेव्हा माझ्या बहिणीच्या लक्षात आले की, दोन्हींवरच्या मुनियाची चोच खाली वाकण्याऐवजी किंचित वर उचललेली आहे. मुनिया म्हणजे पैठणीतला तो लहानसा हिरवा पोपट; त्याची चोच लाल. एका पदरावर असे होते तर धागा चुकला म्हटले असते. दोन्हींवर, बाराही पोपटांना तशीच चोच, म्हणजे ती त्या विणकराच्या हाताची सवय. एकच माणूस. पुढे चार वर्षांनी संक्रांतीला त्या बाहेर काढल्या तेव्हा स्वस्त पैठणीची जर होती तशी होती, आणि महागाची घडीच्या रेषेवर तांबूस काळवंडलेली. हात तोच, तराजू निराळा.

त्या दिवसापासून मी पदराची सुलट बाजू पाहणे सोडले. हातमागाची पैठणी ओळखायची ती उलट बाजूने. अस्सल पदरात धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावत नाही; नक्षीतल्या प्रत्येक रंगाच्या ठिपक्याला स्वतःची इवलीशी कांडी असते, विणकर ती बोटांनी आपल्या हद्दीपुरती फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. हिरव्याने लालाला मिठी मारली की ती जागा बंद. अशा शेकडो मिठ्यांनी एक बोटभर पदर होतो. पदर मोठा आणि नक्षी दाट असली तर कित्येक महिने जातात. म्हणून उलट बाजूला नक्षी तशीच स्वच्छ दिसते, लोंबते धागे नसतात. मोर इकडून डावीकडे पाहतो, तिकडून उजवीकडे, एवढाच फरक. काठही ‘कडियल’ असेल तर अंगाचा धागा काठाच्या धाग्यात याच रीतीने गुंतलेला सापडतो. यंत्रमागावरच्या मालाला हे जमत नाही. त्याचे धागे पाठीवरून एका नक्षीपासून दुसरीपर्यंत तरंगत जातात, किंवा कातरून टाकलेले असतात, आणि बोट फिरवले तर कुसळासारखे लागतात. यात एक मेख मात्र आहे. उलट बाजू हाताची साक्ष देते, जरीची देत नाही. माझी काळवंडलेली पैठणीही हातमागाचीच होती, तिची पाठ आरशासारखी.

सरकारने या बाबतीत आपल्या परीने शिक्के निर्माण केले. १९८५ च्या कायद्याने काही वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवली, साडी त्यांतलीच. यंत्रमागवाले न्यायालयात गेले, आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम केला. १८६४ च्या निवाड्याशी हा निवाडा ताडून पाहण्यासारखा आहे: तेव्हा न्यायालयाने विणकरांचे राखीव कुरण उघडे केले, आता दुसऱ्या एका राखीव कुरणाला कुंपण घातले. पहिले कुरण काही घरांचे होते, दुसरे साऱ्या हातमागाचे. हा भेद मोठा आहे. पण यंत्रमागावर विणलेली साडी दालनात हातमागाच्या साडीशेजारी सुखाने टांगलेली आहे, त्यावरून कुंपण कितपत बळकट आहे ते ज्याचे त्याने ठरवावे. २००४ पासून शुद्ध रेशमाची खूण मिळू लागली, २००६ पासून हातमागाची. आणि भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखाली पैठणी या नावालाही संरक्षण लाभले. तीन खुणा, तीन प्रश्नांची उत्तरे: रेशीम खरे का, माग हाताचा का, गाव खरे का. छत्तीस मासीतल्या त्या मासाचे काय, याला त्यांतल्या एकीकडेही उत्तर नाही.

येवल्याचे नाव इतिहासात इतर कारणांनीही मोठे आहे. तात्या टोपे यांचा जन्म येथला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला तो येथेच. मी मागच्या पावसाळ्यात तिथे गेलो होतो तो मात्र त्या वर उचललेल्या चोचीच्या शोधात. गावालगतच्या नागडे गावात घरोघर माग आहेत. तीन घरे फिरलो. चौथ्या घरात एक साठीचे गृहस्थ खड्ड्यात पाय सोडून बसले होते, पावडीवर पाय, गळ्यात चष्म्याची दोरी. मी पिशवीतून पदर काढला. त्यांनी तो घेतला, सुलट बाजूकडे पाहिलेही नाही, तसाच पालथा मांडीवर पसरला आणि अंगठ्याने सांध्यावरून एकदा चाचपत नेला.

“हा आमच्या भावाचा,” ते म्हणाले. “चोच त्याला कधी जमली नाही. बाप रोज ओरडायचा.”

भाऊ पाच वर्षांपूर्वी वारला होता. त्याचा माग त्याच घराच्या पडवीत होता, त्यावर आता पुतण्या बसतो. गृहस्थांनी काळवंडलेली घडी उजेडात धरली, नखाने जर किंचित खरवडली, तांबडी रेघ पाहिली आणि पदर पुन्हा नीट घडी घालून माझ्या हाती दिला.

“जर आमची नव्हे, काका. दिली ती विणली.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “कितीला घेतली होती?”

मी आकडा सांगितला. त्यांनी तो मनातल्या मनात एकदा उच्चारल्यासारखा केला. आतून सुनेने चहा आणला. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, हिरव्या रेशमाची कांडी उचलली आणि पावडी दाबली.